‘जुगाड’ हा शब्द मागे घ्या

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या मिस्त्रीने २०१२ सालच्या पिकअपला २०१६ सालच्या पिकअपचा गिअरबॉक्स बसवला आणि गाडी धानाची पोती घेऊन पुन्हा रस्त्याला लागली, की बघणारा शहरी माणूस कौतुकाने एकच शब्द उच्चारतो : जुगाड. मिस्त्रीही हसतो, कारण गिऱ्हाइकाच्या पाहुण्याला उलट बोलायचे नसते. मला मात्र तो शब्द शिवीसारखा लागतो. का, ते जरा सविस्तर सांगायचे आहे.

जुगाड हे मुळात उत्तरेतल्या एका वाहनाचे नाव. पंजाब, हरियाणा, पश्चिम उत्तर प्रदेशात पाणी उपसायच्या डिझेल इंजिनाला फळ्या आणि चाके जोडून जी गाडी रस्त्यावर आणत, ती जुगाड. तिला ना नोंदणी, ना धड ब्रेक. पुढे हा शब्द व्यवस्थापनशास्त्राच्या हाती लागला. २०१२ साली ‘जुगाड इनोव्हेशन’ याच नावाचे पुस्तक आले, आणि तेव्हापासून कुणीही गरीब माणसाने काहीही दुरुस्त केले की त्याला हे बिरुद चिकटवायची पद्धतच पडली. वरवर पाहता ही स्तुती आहे. तिचा खरा अर्थ असा की, तुझे काम युक्तीचे आहे, ज्ञानाचे नाही. ते चालले तर नशीब, बिघडले तर तुझे तू बघ. आणि युक्तीच असेल, तर ती शिकवायला नको, छापायला नको, तिला परवाना नको, विमा नको. एका शब्दात किती जणांची जबाबदारी उडून जाते पाहा.

आता मिस्त्री प्रत्यक्षात काय करतो ते बघू.

गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. आठ तालुक्यांचा हा जिल्हा धानावर जगतो आणि धान पिकअपवर फिरते. शेतातून घरी, घरून खरेदी केंद्रावर किंवा राईस मिलला. मधल्या काळात त्याच गाडीवर भाजीपाला, सिमेंट, गुरे, मंडपाचे बांबू आणि लग्नाचे वऱ्हाड. बोलेरो पिकअप, टाटा एस म्हणजे सगळ्यांचा छोटा हत्ती, जुन्या टाटा २०७, अशोक लेलँडची दोस्त. यातल्या कितीतरी गाड्या इथे नव्या आलेल्याच नाहीत. एमएच-३१ ची पाटी म्हणजे नागपुरात पहिला जन्म काढून आलेली गाडी. छत्तीसगडची सीजी किंवा मध्य प्रदेशची एमपी पाटी म्हणजे सीमेपलीकडून आलेली. तिला पहिल्या मालकाने काय खाऊ घातले, किती ओव्हरलोड ओढले, हे कुणाला ठाऊक नसते. मग दिवाळीनंतर मळणीची घाई असताना ती तिसरा गिअर सोडू लागते. म्हणजे गिअर टाकलेला असतो आणि दांडी आपोआप न्यूट्रलला परत येते. काही दिवस चालक एका हाताने दांडी धरून गाडी चालवतो. मग दाते उडतात आणि गाडी थांबते.

अशा वेळी अधिकृत उत्तर एकच असते : नवा असेंब्ली गिअरबॉक्स, ऑर्डर टाकल्यावर येईल. धान मात्र थांबत नाही, आणि अनेकदा गाडीची आजची किंमत आणि नव्या असेंब्लीची किंमत यांची तुलना केली की मालक मान खाली घालतो. म्हणून मिस्त्री भंगारवाल्याला फोन लावतो. तिकडे त्याच मॉडेलची, वेगळ्या सालची, अपघातात समोरून चेपलेली गाडी पडलेली असते. इंजिन गेलेले, गिअरबॉक्स धडधाकट.

आणि इथे मोजमाप सुरू होते. गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाला, म्हणजे बेल हाउसिंगला, जे बोल्ट लागतात त्यांची रचना इंजिनाच्या पाठीशी जुळली पाहिजे. इनपुट शाफ्टवरच्या खाचा मोजायच्या. त्या क्लच प्लेटच्या हबमध्ये सरकल्या पाहिजेत. खाचा वेगळ्या निघाल्या तर दात्याच्या गिअरबॉक्सची क्लच प्लेट वापरता येते, पण तिचा बाहेरचा व्यास आपल्या प्रेशर प्लेटला आणि फ्लायव्हीलला जुळत असेल तरच. शाफ्टचे टोक फ्लायव्हीलच्या मध्यावरच्या पायलट बेअरिंगमध्ये बसते. शाफ्ट थोडा आखूड असला तर टोक अधांतरी राहते, शाफ्ट हेलकावतो आणि नवे बेअरिंग काही दिवसांत खाल्ले जाते. लांब असला तर बोल्ट आवळताना तो क्रँकवर दाब देतो, आणि मग नुकसान गिअरबॉक्सपुरते राहत नाही. क्लच एकीकडे वायरचा आणि दुसरीकडे तेलाच्या दाबाचा असेल तर काटा आणि रिलीज बेअरिंगही बघावे लागते. मागच्या बाजूला प्रॉपेलर शाफ्टचा फ्लँज, क्रॉस मेंबरची भोके, गिअरच्या दांडीची जागा. गिअरबॉक्स दोन बोटे लांब निघाला तर प्रॉपेलर शाफ्ट लेथवर तेवढाच कमी करून पुन्हा बॅलन्स करायचा. बॅलन्स न करता बसवणारेही आहेत. त्यांना मिस्त्री म्हणत नाहीत.

बसला म्हणजे झाले असेही नाही. गुणोत्तरे बघावी लागतात. समजा जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ४.२ चा होता आणि आणलेल्याचा ३.८ चा निघाला. इंजिन तेच, मागचा डिफरन्शियल तोच, तरी चाकाला मिळणारा जोर सुमारे दहा टक्क्यांनी कमी झाला. गोंदियाच्या सपाट रस्त्यावर ते कळणारही नाही. भरलेली गाडी सालेकसा-दरेकसाकडच्या चढाला लागली, की क्लच जळाल्याचा वास येतो आणि मालक मिस्त्रीच्या नावाने ओरडतो. चांगला मिस्त्री आधीच विचारतो, ‘भाऊ, गाडी कोणत्या रूटवर चालते?’ हा प्रश्न युक्तीचा आहे की अभियांत्रिकीचा?

शिवाय एका सालच्या गाडीत स्पीडोमीटरला वायर असते, पुढच्या सालात तिथे सेन्सर येतो. अनेक गाड्यांत वेगनियंत्रकाला वेग कळतो तो याच सेन्सरकडून. तो जुळला नाही तर गाडी छान पळते आणि फिटनेसला नापास होते.

हे सगळे कुठे लिहिलेले असते? कुठेच नाही. जुन्या गॅरेजांत मी भिंतीवर झिजलेल्या क्लच प्लेटा खिळ्याला टांगलेल्या पाहिल्या आहेत. मला वाटायचे, भंगारात द्यायच्या राहिल्या असतील. त्या मापाच्या होत्या. भंगारवाल्याकडे जाताना मिस्त्री त्यातली नेमकी एक पिशवीत टाकतो आणि तिथल्या शाफ्टवर सरकवून बघतो. महिंद्राच्या जुन्या जीप-पिकअपच्या कामात केएमटी-९०, बीए-१०, एनजीटी-५३० ही गिअरबॉक्सची नावे तो घराण्यातल्या माणसांसारखी घेतो, आणि कोणाचे कोणाशी जमते हे तीनच शेऱ्यांत सांगतो : ‘डायरेक्ट बसते’, ‘थोडं काम लागते’, ‘नाही बसत जी’. हा वर्षानुवर्षांच्या मोजमापाचा तक्ता आहे. फक्त तो एका माणसाच्या डोक्यात आहे, आणि तो माणूस साठीला आला आहे.

तालुक्यांच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड शिकवतात. तिथला मुलगा गिअरबॉक्स खोलून, सिंक्रो रिंग बदलून पुन्हा बंद करू शकतो. कोणत्या सालचा कोणाला चालतो हे त्याला कुणी शिकवत नाही, कारण शिकवणाऱ्याकडेही तसा कागद नाही.

पण कागद आहे. तो कंपनीकडे आहे. प्रत्येक उत्पादकाच्या सुट्या भागांच्या यादीत भाग क्रमांक असतात, आणि जुना क्रमांक बंद झाला की त्याच्या पुढे नवा क्रमांक लिहिलेला असतो. याला कंपनीच्या भाषेत सुपरसेशन म्हणतात. म्हणजे काय? नव्या सालचा भाग जुन्या सालच्या गाडीला चालतो, अशी कंपनीची स्वतःची कबुली. कुठल्या सालपर्यंत शाफ्ट तोच होता, कुठल्या चॅसिस क्रमांकापासून खाचा बदलल्या, हे त्यांना तारखेनिशी माहीत असते. तीच अदलाबदल कंपनीने केली तर सुपरसेशन, देवरीच्या मिस्त्रीने केली तर जुगाड.

अमेरिकेत १९३४ पासून हॉलंडर नावाची पुस्तके निघत आली आहेत. भंगारवाल्यांसाठीचा अदलाबदल कोशच तो : या मॉडेलचा, या सालचा गिअरबॉक्स आणखी कोणकोणत्या सालांना चालतो. काउंटरवर बसलेला माणूस पान उघडून, आणि आता संगणकावर, क्षणात सांगतो. तिकडचे पिकअप बहुतेक ऑटोमॅटिक, म्हणून या कोशाची गरजही मोठी. जनरल मोटर्सचा एक चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९८२ मध्ये ७००आर४ नावाने आला, १९९० मध्ये त्याचे नाव ४एल६० झाले, आणि १९९३ पासून त्यालाच ई हे अक्षर लागून तो इलेक्ट्रॉनिक झाला. बाहेरून दोघे भाऊ दिसतात. पण आधीचा तेलाच्या दाबावर गिअर बदलतो आणि नंतरच्याला संगणकाचा हुकूम लागतो, त्यामुळे सरळ अदलाबदल होत नाही. पुढच्या सालांत बेल हाउसिंग वेगळी झाली, इनपुट शाफ्टची लांबी बदलली. हे सारे तिथल्या सामान्य मालकाला माहीत असते, कारण ते छापलेले आहे. त्याला कुणी अमेरिकन जुगाड म्हणत नाही. तो धंदा आहे. त्याची पावती मिळते, हमीही मिळते.

ऑटोमॅटिकचा विषय गोंदियात कशाला, असे कुणी विचारेल. इथल्या पिकअप अजून हातानेच गिअर बदलतात, हे खरे. पण २०१४ मध्ये सेलेरिओपासून स्वस्त मोटारींत क्लचविना गिअर बदलणारी यंत्रणा आली, आणि आज त्याच मोटारी सेकंडहँड होऊन आमगाव-तिरोड्यात फिरतात. २०२२ मध्ये भारतात आलेल्या टोयोटा हायलक्स या पिकअपला फॉर्च्युनरचेच २.८ लिटर डिझेल इंजिन आहे आणि सहा गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतो. या गाड्याही दहा वर्षांनी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे येतील. तेव्हा मोजायचे काय? टॉर्क कन्व्हर्टर फ्लेक्स प्लेटला जुळतो का, तेल थंड करणाऱ्या नळ्या कुठे येतात, तेलाचा प्रकार कोणता, हे मिस्त्री बघेल. आपले लोक तेही शिकतील. पण गिअरबॉक्सच्या संगणकाने इंजिनाच्या संगणकाला ओळख दिली नाही, तर लोखंड जुळूनही गाडी हलणार नाही. ती ओळख करून द्यायचे सॉफ्टवेअर कंपनीच्या यंत्रात आणि त्याचा पासवर्ड कंपनीच्या माणसाकडे. क्लच प्लेट टांगून ठेवता येते, पासवर्ड कुठे टांगणार?

सरकारला हे ठाऊक नाही असे समजू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच : सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे, स्वतंत्र गॅरेजांना माहितीपुस्तिका आणि निदानयंत्रे न देणे. त्या चौदांत टाटा, महिंद्रा, मारुती सगळे होते. मग अपिले झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि निकालाचा प्रकाश देवरीच्या गॅरेजपर्यंत काही आला नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. त्याच वर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनी पोर्टलही सुरू झाले. पोर्टल म्हणजे कंपन्यांनी आपणहून द्यावी ती माहिती. मॅसेच्युसेट्स राज्यात मात्र २०१२ मध्ये मतदारांनी कौल देऊन मोटार कंपन्यांना कायद्याने बांधले : अधिकृत गॅरेजला जी माहिती देता, ती स्वतंत्र गॅरेजलाही रास्त दराने द्या. आपल्याकडे विनंती, तिकडे सक्ती.

कायद्यातली गंमत तर पुढेच आहे. आरसी बुकात चॅसिस क्रमांक असतो, इंजिन क्रमांक असतो. गिअरबॉक्सचा क्रमांक नसतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळातून आलेल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितले. आता गिअरबॉक्स नोंदणीत नाहीच, तेव्हा त्याच मॉडेलचा, वेगळ्या सालचा गिअरबॉक्स बसवणे हा ‘बदल’ की साधी दुरुस्ती? माझ्या मते दुरुस्ती, दुसरे काही असूच शकत नाही. पण असे स्पष्ट लिहिलेला कागद मिस्त्रीच्या हातात नाही. म्हणून तो पावती देत नाही, मालक मागत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेयर काय म्हणेल या धास्तीने दोघेही गप्प बसतात. कामाला मान नाही, त्यामुळे हमी नाही. आणि हमी नाही म्हणून मान नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे : चोरीचा माल. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या उभ्या-उभ्या उकलून त्यांचे सुटे भाग देशभर जात. पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरात तो बाजार बंद केला. सेकंडहँड गिअरबॉक्सच्या रस्त्यावर असे सोतीगंज असणार, हे मी नाकारत नाही. पण चोर कशावर जगतो? नोंद नसण्यावर. गिअरबॉक्सच्या अंगावर क्रमांक कोरलेला असतोच. गाडी मोडताना तो क्रमांक मोडीच्या दाखल्यावर लिहिला आणि विकताना पावतीवर उतरवला, तर चोरीचा गिअरबॉक्स कुठून आला ते विचारता येईल. सगळा बाजारच अंधारात ठेवून मग त्याला अंधाराबद्दल दोष देणे हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तोही मला मान्य आहे, आणि म्हणूनच तक्ता हवा म्हणतो. अंदाजाने बसवलेला गिअरबॉक्स धोक्याचा, मापाने बसवलेला नाही. अंदाज कुणी करायला लावला? ज्यांच्याकडे माप आहे आणि जे ते देत नाहीत त्यांनी.

मोडीच्या धोरणाबद्दल थोडे. १३ ऑगस्ट २०२१ रोजी ते मोठ्या समारंभात जाहीर झाले. जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडायला द्या, प्रमाणपत्र घ्या, नव्या गाडीवर सवलत मिळवा. मोडीची किंमत नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के धरलेली. दुसरीकडे १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचे फिटनेस शुल्क कित्येक पटींनी वाढवले. हलक्या मालवाहू गाडीला तेव्हा एका खेपेचे साडेसात हजार झाले, आणि आठ वर्षांनंतर व्यावसायिक गाडीचे फिटनेस दरवर्षी लागते. दिल्लीच्या धुराचा विचार करून हे केले असेल, तर ठीक. माझा प्रश्न वेगळा आहे. मोडीत गेलेल्या गाडीच्या इंजिनात दोष असेल. तिच्या गिअरबॉक्सने कोणाचे काय केले? गिअरबॉक्स धूर सोडत नाही. ॲल्युमिनियमचे कवच आणि कठीण केलेल्या पोलादाचे दाते वितळवून पुन्हा पोलाद करण्यात जी ऊर्जा जाते, ती वाचवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो गिअरबॉक्स उचलून दुसऱ्या गाडीला लावणे. पण धोरणात सगळी सवलत नव्या खरेदीला आहे. धडधाकट गिअरबॉक्स पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्याच्या वाट्याला त्यात काही नाही. पर्यावरणाच्या नावाने विक्री वाढवायची, असा याचा अर्थ मी घेतो. कुणाला तो कडवट वाटला तर वाटू द्या.

आपल्या लिहित्या-वाचत्या वर्गालाही यातून सुटका नाही. पुण्या-मुंबईत प्लास्टिकच्या पिशव्यांवर व्याख्याने देणारे आपण पाच वर्षांत गाडी बदलतो. ती गाडी पुढे विदर्भात येते आणि तिला आणखी पंधरा वर्षे जगवण्याचे काम गोंदियाचा मिस्त्री करतो. ‘पुनर्वापर’ हा शब्द आपण निबंधात वापरतो, तो हातात पाना घेऊन करतो. आणि त्याच्या कामाला नाव द्यायची वेळ आली, की आपल्याला सुचतो तो जुगाड.

पुढची गोष्ट फार लांबची नाही. २०२२ मध्ये टाटा एसची विजेवर चालणारी आवृत्ती आली. उद्या त्यांची दुसऱ्या हातची खेप येईल. त्यात पाच गतींचा गिअरबॉक्स नसेल, म्हणून खाचा मोजायचा प्रश्न मिटेल आणि मोटर, कंट्रोलर, बॅटरी यांची सॉफ्टवेअरने बांधलेली जोडी उरेल. आज आपण गिअरबॉक्सचा तक्ता मागितला नाही, तर तेव्हा कंट्रोलरचा तक्ता मागायची सवय कुणाला असेल?

मागणी अवघड नाही. पोर्टल आधीच आहे, त्यात वाहन हे क्षेत्रही आहे. ऐच्छिक हा शब्द काढा आणि एक तक्ता सक्तीचा करा. पहिल्या रकान्यात गिअरबॉक्सचा भाग क्रमांक. दुसऱ्यात तो ज्या-ज्या मॉडेलला, ज्या-ज्या सालापासून ज्या सालापर्यंत लागला ती यादी. तिसऱ्यात इनपुट शाफ्टच्या खाचा, लांबी आणि प्रत्येक गिअरचे गुणोत्तर. चौथ्यात सेन्सर की वायर, आणि संगणकाची ओळख लागत असेल तर ती तालुक्याच्या ठिकाणी कोण, किती रुपयांत करून देईल. हिंदी-मराठीत असावा आणि मोबाइलवर उघडावा. सुरुवात बोलेरो पिकअप आणि टाटा एसपासून करा, इथल्या रस्त्यावर त्याच जास्त दिसतात. कंपन्यांच्या संगणकात ही माहिती आजही आहे, त्यामुळे वेळ मागायचे कारण नाही.